आबांचं झाड आणि माझी बुरशी

“बुरशी हा शब्द आज तोंडातून काढायचा नाही,” शिरीषने फाटकापाशीच मला बजावलं. “अळंबी नाही, भूछत्र नाही, काहीच नाही. तू वनस्पतिशास्त्र शिकवतेस, एवढंच मी आबांना सांगितलंय.”

“आणि त्यांनी विचारलं, संशोधन कशावर केलंत, तर?”

“झाडांवर, असं सांग. त्यात खोटं काय आहे? तुझी बुरशी झाडांवरच असते.”

मी त्याला चांगलं सुनावणार होते, पण मागे शकूमावशी गाडीतून उतरत होती आणि तिच्यासमोर भांडण नको होतं. आई गेल्यापासून मावशीनेच मला वाढवलं. त्या दिवशी पहाटे उठून तिने मला स्वतःची काठापदराची साडी नेसवली होती, आणि साडीला इतक्या ठिकाणी पिना टोचल्या होत्या की मला धड वाकता येत नव्हतं. मुलीने सासरी पहिल्यांदा ताठच उभं राहावं, असं तिचं मत होतं. माझा अवतार बघून शिरीषला हसू आलं होतं, पण त्याने ते कराडपासून महाबळेश्वरपर्यंत गिळून ठेवलं होतं.

शिरीष आणि मी कराडच्या एका कॉलेजात शिकवायचो. तो भौतिकशास्त्र, मी वनस्पतिशास्त्र. आमची ओळख झाली ती अळंब्यामुळे. एके दिवशी तो वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन माझ्या प्रयोगशाळेत आला, आणि मित्राच्या बागेत झाडाच्या बुंध्यावर हे उगवलंय, काय असेल, असं विचारू लागला. लाकडासारखं कडक, वरून तपकिरी पॉलिश केल्यासारखं, अर्ध्या बशीच्या आकाराचं ते अळंबं होतं. त्याचं नाव गॅनोडर्मा, आणि मी पीएचडी केली ती नेमकी त्याच्यावर. ते बघून मला इतका आनंद झाला की मी त्याला तासभर बसवून सगळं समजावून सांगितलं. पुढच्या आठवड्यात तो दुसरं घेऊन आला. मग तिसरं. इतर मुलींना गजरे मिळतात, मला ही मिळाली, आणि माझी काही तक्रार नव्हती.

तक्रार होती ती वेगळीच. दोन वर्षं झाली, सगळ्या स्टाफरूमला आमचं ठाऊक झालं, शिपायांनी तारीख विचारायला सुरुवात केली, पण शिरीष काही मला घरी नेईना. कधी घाटात दरड पडलेली असायची, कधी आबांचा गुडघा दुखत असायचा. एक सबंध उन्हाळा तर घरी रंगकाम चालू होतं. आपली लाज वाटते की काय याला, असं मला हळूहळू वाटायला लागलं. शेवटी मावशीने सांगलीचं एक स्थळ आणलं तेव्हा मी शिरीषला सरळ सांगितलं की दिवाळीच्या आत घरी नेलं नाहीस तर मी सांगलीच्या मुलाला होकार देऊन मोकळी होईन. तेव्हा कुठे आम्ही तापोळ्याच्या रस्त्यावरच्या त्या घरी पोचलो होतो. आबांनी हो म्हटलं तर लग्न, नाही म्हटलं तर सांगली, असा माझा हिशेब होता, कारण आबांच्या शब्दाबाहेर शिरीष जाईल असं मला वाटत नव्हतं.

आबा म्हणजे शिरीषचे वडील, दिनकरराव शेलार, निवृत्त वनक्षेत्रपाल. सहा फूट उंची, पांढऱ्या मिशा, अंगात खाकी शर्ट. निवृत्तीनंतरही त्यांचे सगळे शर्ट खाकीच होते. त्यांनी मावशीला नमस्कार केला, मला “या मॅडम” म्हटलं, आणि घरात न नेता थेट मागच्या अंगणात नेलं. या घरात आधी झाडाला भेटायचं, मग माणसांना, अशी रीत होती. त्यातून त्या दिवशी झाडाचा वाढदिवस होता. आबांनी ते ज्या दिवशी लावलं ती तारीख घरात सणासारखी पाळायचे. पुरणपोळी व्हायची, संध्याकाळी झाडाला नैवेद्य दाखवायचे, आणि मग आबा त्याच्यावर शिक्का मारायचे. त्या शिक्क्याबद्दल पुढे सांगते.

झाड स्वयंपाकघराच्या अगदी मागे होतं, कौलांच्या कितीतरी वर गेलेलं, सरळसोट. आबा त्याच्यासमोर छाती काढून उभे राहिले आणि म्हणाले, की दक्षिणेतल्या डोंगरांत मूळचं उगवणारं हे एकमेव सूचिपर्णी झाड. तिकडेसुद्धा शोधावं लागतं. तमिळनाडूत प्रशिक्षणाला गेले असताना त्यांनी एका सहकाऱ्याकडून रोप मिळवलं आणि डब्यात घालून, रेल्वेत मांडीवर घेऊन आणलं. आपल्या राज्यात दुसरं असलं तर मला दाखवा, असं ते जवळजवळ दम दिल्यासारखं म्हणाले.

मावशीने मान मागे टाकून झाड वरपर्यंत नीट पाहिलं. “छान आहे. चिकूला बहर कधी येतो तुमच्याकडे?”

शिरीषने डोळे मिटून घेतले. त्या झाडाची हीच अडचण होती. सूचिपर्णी म्हटलं की लोक सुयांसारखी पानं शोधतात, आणि या जातीला चांगली रुंद, चकचकीत पानं असतात. त्यामुळे आलेला प्रत्येक पाहुणा त्याला चिकू, करंज, जांभूळ असं काहीतरी म्हणायचा, आणि आबा प्रत्येकाला पुन्हा पहिल्यापासून शिकवायचे. पानांवर मधली शीर नाही, शिरा सगळ्या समांतर, असं मी पुढे होऊन दाखवलं तेव्हा आबांनी मान डोलवली. त्यांच्या नजरेत मी दोन पायऱ्या वर चढले असावे. मला बरं वाटलं, आणि फाटकापाशी ठरलं होतं ते पाळायचं मी मनाशी पक्कं केलं.

ते टिकलं जेवणाच्या पहिल्या पोळीपर्यंत. आबा मावशीला म्हणाले, की तुमची मुलगी हुशार दिसते, कशात अभ्यास केला तिने? मावशी या प्रश्नाची सकाळपासून वाट बघत होती. तिने कटाच्या आमटीची वाटी खाली ठेवली.

“बुरशीत,” ती म्हणाली. “आमची यामिनी बुरशीची डॉक्टर आहे. परदेशातल्या मासिकात छापून आलंय तिचं.”

शिरीषची आई, म्हणजे काकी, तुपाची वाटी घेऊन वाढायला निघाली होती, ती तशीच थांबली. शिरीष पोळीत तोंड घालून बसला.

“ब्रेडवर येते ती?” आबांनी मला विचारलं.

“नाही. लाकडावर येते ती.”

त्यांची मिशी हलली. मग त्यांनी ऐकवायला सुरुवात केली. सगळी नोकरी त्यांनी लाकूडचोर पकडण्यात घालवली, आणि जो सगळ्यांत मोठा चोर कधी हाती लागला नाही तो म्हणजे ही बुरशी. सागाचे ओंडके मोजून, शिक्के मारून डेपोत रचावेत, आणि दोन पावसाळ्यांनी बघावं तर आत भुसा. वर साहेबांच्या शिव्या खायच्या त्या आबांनी. बोलता बोलता त्यांचा आवाज असा चढला की जणू त्या सागाला मीच दिवसाढवळ्या पळवलं होतं.

“तुम्ही शास्त्रातल्या आहात, तर तुलना करा,” ते म्हणाले. “एकीकडे आमचं झाड. स्वतःचं अन्न स्वतः करतं, उन्हाकडे तोंड करून वाढतं, मुलखात दुसरं नाही. दुसरीकडे तुमची ती. अंधारात राहते, दुसऱ्याच्या जिवावर खाते आणि गल्लोगल्ली उगवते. यांची काही बरोबरी आहे?”

शिरीषने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. तो त्याने ठेवायला नको होता, कारण मला असं दाबलेलं कधीच चालत नाही.

“बरोबरी नाहीच,” मी म्हटलं. “तुमचं झाड नसलं तर जगाचं काही अडत नाही. माझी बुरशी नसती तर आजवर पडलेलं प्रत्येक झाड, प्रत्येक फांदी अजून न कुजता तशीच पडून राहिली असती, आणि तुमच्या रोपाला खायला मूठभर मातीही मिळाली नसती.”

मावशीने घाईघाईने पुरणाची फार तारीफ केली. आबा पुढचं जेवण खाली मान घालून जेवले, हात धुतले आणि विडा न घेताच बाहेर गेले. माझ्या लग्नाचं पुरणासकट वाटोळं झालं, हे मला समजलं. वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त राग आला होता, तो शिरीषचा. इतका वेळ त्याने एक शब्द तोंडातून काढला नव्हता.

मावशी बाहेरच्या खोलीत लवंडली. मी ताटं उचलायला स्वयंपाकघरात गेले, तर काकीने मागचं दार लोटून घेतलं, फळीवरचा पिठाचा डबा काढला, आणि पिठात हात खुपसून एक फडक्याची पुरचुंडी बाहेर काढली. पुरचुंडीत माझे सोयरेच होते. गॅनोडर्माची वाळलेली अळंबी, लहानमोठी, ओंजळभर.

“हे काय असतं गं?” तिने अगदी हळू विचारलं. “झाडाला असलं कान फुटत्यात. सकाळी झाडलोट करताना दिसलं की मी मोडून ठिवते. ह्यांना कळलं तर जीव जाईल त्यांचा. लेकरागत वाढवलंय.”

“कधीपासून?”

“झाली की तीनचार वर्सं. चुलीत घालायचं भ्या वाटतं, म्हणून पिठात.” मग ती माझ्याकडे बघून समाधानाने हसली. “शिरीषलाबी ठावं हाय. बोलत न्हाई, पर एकदा त्याच्या गाडीच्या डिकीत बगितली मी हीच. तवापास्नं त्यानं तुझं नाव काढाय सुरवात केली. मी म्हटलं, लेकरानं बराबर बाई शोधली. झाडाची डॉक्टरीणच आणतोय.”

ती बिचारी कौतुकाने बोलत होती. मला मात्र प्रयोगशाळेतलं ते वर्तमानपत्र डोळ्यांपुढे दिसायला लागलं. मित्राची बाग म्हणे. मित्रही खोटा आणि बागही खोटी. त्याला बायको नको होती, बापाच्या झाडाला डॉक्टर हवी होती, आणि तीही फुकटची. दोन वर्षं मी ज्याला प्रेम समजत होते ती झाडाची औषधचौकशी होती.

मी तशीच बाहेर आले. शिरीष गाडीपाशी उभा होता. मी त्याला विचारलं, की पहिल्या दिवशी आणलंस ते अळंबं कुठल्या झाडाचं होतं. त्याचा चेहरा पडला, आणि मला उत्तर मिळालं. तो “यामिनी, ऐक तरी” म्हणत होता, तेवढ्यात घराच्या मागून आबांची हाक आली. “मॅडम, जरा इकडे या. एकट्याच या.”

आबा झाडाच्या पलीकडच्या बाजूला, घरातून दिसणार नाही असे उभे होते. त्यांनी आजूबाजूला बघितलं, मग कुंपणाच्या दगडी गडग्याच्या फटीतून एक खताची पिशवी ओढून काढली आणि माझ्यासमोर उपडी केली. पुन्हा माझे सोयरे. ही तर चांगली पोसलेली होती, काही माझ्या तळव्याएवढी.

“उन्हं कलली की घरातली सगळी जरा लवंडतात, तेव्हा मी येऊन ही काढतो,” आबा म्हणाले. आवाज खाली आला होता. “घरात कुणाला माहीत नाही. हिला तर मुळीच कळता कामा नये. हिने या झाडाला रोज आंघोळीचं पाणी घातलंय. खूप सहन केलंय हिने माझ्या नोकरीपायी, आता हे नको. तुम्ही त्यातल्या आहात. औषध सांगा.”

मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. एका झाडावर सकाळी बायको, दुपारी नवरा आणि सुट्टीच्या दिवशी मुलगा, तिघांची चोरून तोडणी चालली होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण दुसऱ्याला वाचवतोय. बरं, तोडून उपयोग शून्य. अळंबं म्हणजे त्या बुरशीचं नुसतं फळ. ती स्वतः खोडाच्या आत असते. आंबे तोडले म्हणून आंब्याचं झाड मरत नाही, असं मी आबांना सांगितलं.

मग मी बुंध्याकडे बघितलं, आणि तेव्हा मला ते शिक्के दिसले. आबांनी नोकरीभर तोडायच्या झाडांवर शिक्के मारले होते. कुऱ्हाडीने बुंध्याची साल हातभर तासायची, आणि उघड्या लाकडावर हातोड्याने खात्याचा शिक्का ठोकायचा. निवृत्त होताना सरकारी हातोडा जमा करावा लागला, तेव्हा त्यांनी मेढ्याच्या लोहाराकडून स्वतःचा करून घेतला, त्यावर आपल्या नावाचं ‘दि’ हे अक्षर. दर वाढदिवसाला ते झाडाची साल तासून एक ‘दि’ उठवत. त्यांच्या मते हा मान होता. एकाशेजारी एक असे ते शिक्के बुंध्याभोवती जवळपास पूर्ण फिरून आले होते. आणि अळंबी मोडल्याच्या ताज्या खुणा त्याच रांगेत होत्या.

मला वाकता येत नव्हतं, म्हणून मी सरळ मातीत बसकण मारली. साडीच्या दोन पिना तुटल्या. मी दगड घेऊन बुंध्यावर ठोकत ठोकत गेले. भरीव लाकडाचा आवाज वेगळा असतो. इथे सगळीकडून आवाज येत होता तो रिकाम्या पिंपासारखा.

खरं सांगते, लग्न व्हायचं असतं तर मी तिथे काहीतरी गोडगोड बोलून वेळ मारून नेली असती. पण माझ्या मते लग्न मोडलंच होतं, मुलगा खोटा निघाला होता आणि मुलाच्या बापाला माझं तोंड बघायचं नव्हतं. मग घाबरायचं कुणाला?

“औषध नाही,” मी म्हटलं. “आतून पोकळ झालंय. ही बुरशी सगळीकडे असते, हवेतसुद्धा असते. पण धड साल असली तर तिला आत शिरता येत नाही. कुणीतरी दार उघडावं लागतं.”

“कुणी उघडलं?”

मी शिक्क्यांवर हात ठेवला. “तुम्ही. दर वाढदिवसाला एक.”

आबा शिक्क्यांकडे बघत राहिले, अगदी पहिल्या, जुन्या, अर्धवट बुजलेल्या शिक्क्यापासून शेवटच्यापर्यंत. मग वळून घरात गेले. एवढा उंच माणूस दारातून आत जाताना मला खूप म्हातारा दिसला, आणि जीभ जरा आवरायला हवी होती असं वाटून गेलं.

मावशीला उठवून मी निघायचं म्हटलं. पण नैवेद्याशिवाय कसं निघायचं, असं तिचं म्हणणं. तेवढ्यात आबांनी सगळ्यांना मागच्या अंगणात बोलावलं. काकी ताट घेऊन आली, निरांजन लावलेलं. आबांच्या एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात हातोडा होता. दोन्ही त्यांनी झाडाशेजारच्या दगडी पारावर ठेवली आणि गडग्यातली पिशवी आणून शेजारी ओतली.

“मला हे तुझ्यापासून लपवायला नको होतं,” ते काकीला म्हणाले. “झाड गेलंय आपलं.”

काकीने ताट मावशीच्या हातात दिलं. ती आत गेली आणि पिठाने माखलेली पुरचुंडी आणून त्या ढिगाशेजारी सोडली. आबा आधी पुरचुंडीकडे, मग बायकोकडे बघत राहिले.

“तुला माहीत होतं?”

“तुमाला सोसलं नसतं,” काकी म्हणाली.

“आणि मला वाटलं, तुला सोसणार नाही.”

शिरीष गाडीकडे गेला. डिकी उघडल्याचा आवाज आला, आणि तो एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन परत आला. तीही पारावर रिकामी झाली. ढीग चांगलाच मोठा झाला. मावशीने निरांजनाच्या उजेडात वाकून एक अळंबं उचललं, दाबून बघितलं आणि हळहळली, की एवढं सगळं कोवळं असतं तर दोन दिवसांची भाजी झाली असती. काकीला हसू फुटलं, आणि ते हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. आबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. शिरीष मला नंतर म्हणाला, की त्यांना तसं करताना त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

हे सगळं छान होतं, पण माझं काय? मी शिरीषला सगळ्यांसमोर विचारलं, “झाड धड असतं तर तू माझ्या प्रयोगशाळेत आला असतास?”

“नसतो आलो,” तो म्हणाला. “पहिल्यांदा झाडासाठीच आलो होतो.”

“बरं केलंस, खरं बोललास. मावशी, चल.”

“पण फक्त पहिल्यांदा,” शिरीष घाईने म्हणाला. “बाकीची या झाडाची नव्हतीच. दर आठवड्याला इथून कुठली मिळणार? एक कॉलेजच्या गुलमोहराचं होतं, दोन स्टेशनबाहेरच्या वाळक्या शिरसावरची. एक तर पोलीस लाइनीतल्या आंब्यावर चढून काढलं, तिथे हवालदाराने पकडलं मला. दर रविवारी शोधत फिरायचो. नशीब माझं, की तुझं अळंबं कुठेही मिळतं.”

नमुने वेगवेगळ्या झाडांवरचे असावेत हे मला, बुरशीच्या डॉक्टरला, कळायला हवं होतं. पण तो आणायचा तेव्हा माझं लक्ष नमुन्याकडे कमीच असायचं.

“मग दोन वर्षं घरी का आणलं नाहीस?”

“तुला आणलं की आबा झाड दाखवणार. तू एकदा ठोकून बघणार आणि त्यांच्या तोंडावर खरं सांगणार. मग ते तुला परत या फाटकातून आत घेणार नाहीत. मला वाटलं, झाड आहे तोवर थांबावं. तू सांगलीचं नाव काढलंस, तेव्हा म्हटलं, जाऊ दे, व्हायचं ते होऊ दे.”

मावशीने निरांजनाचं ताट सांभाळत माझ्याकडे बघून भुवई उडवली. मुलगा तिला पसंत पडला होता. मलाही पडला होता, पुन्हा एकदा. पण बोलायचं होतं आबांनी, आणि आबांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ते मान वर करून झाडाचा कल बघत होते. नजरेनेच त्यांनी शेंड्यापासून खालपर्यंत एक रेघ ओढली.

“मॅडम, वाऱ्याने पडलं तर कुठं पडेल?” त्यांनी मला विचारलं, पण उत्तर त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

“स्वयंपाकघरावर,” मी म्हटलं.

काकी म्हणाली, की इतकी वर्सं न्हाई पडलं, आता कशाला पडंल, ऱ्हाऊ द्या, तुमचा जीव हाय त्याच्यात. आबांनी कुऱ्हाड उचलली, बुंध्यावर शेवटची जी धड साल उरली होती ती तासली, आणि हातोड्याचा एक घाव घातला. आवाज पोकळ आला. मग ते शिरीषकडे वळून म्हणाले, की हा मानाचा नव्हे, हा तोडीचा. सोमवारी परवानगीचा अर्ज कर, आणि माणसं बोलाव. तोपर्यंत तुझ्या आईने पुढच्या खोलीत स्टोव्हवर रांधायचं, आत पाऊल टाकायचं नाही.

काकीने नैवेद्य दाखवला. आम्ही सगळे हात जोडून उभे राहिलो. इतका वेळ ज्याला मुलखात एकमेव म्हणत होते त्या झाडाकडे आबांनी पुन्हा वर बघितलं नाही. ते अंगणात पावलं टाकत फिरू लागले, पारापासून गडग्यापर्यंत, गडग्यापासून विहिरीपर्यंत. मला वाटलं, दुःखाने फिरताहेत, एकटं सोडावं. मी पदर सावरून निघायला लागले.

“थांब गं,” आबा म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी मला मॅडम म्हटलं नव्हतं. ते विहिरीपाशी उभे राहून अजून अंगण मापत होते. “तुझ्याकडची किती माणसं येतील? झाड निघालं की इथं शेदोनशेंचा मांडव आरामात बसतोय.”